मिठाचा हात

चंद्रामावशीनं भाजी चाखून कधी मीठ टाकलं नाही. तिच्या कामात ते चालतच नव्हतं. आमच्या अंजनगाव सुर्जीकडं नवस फिटला की शेतात रोडगे करतात. जाड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत कढईभर वांग्याची भाजी आणि वरण. झाडाखाली पंगत बसते, सगळं गाव जेवते. पण देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत अन्नाला जीभ लावायची नाही, रांधणारीनंही नाही. तिनं तर सकाळपासून पाणीसुद्धा घ्यायचं नाही. म्हणजे शेकडो माणसांची भाजी, आणि मीठ टाकायचं ते नुसत्या अंदाजानं.

तिचा अंदाज पाहण्यासारखा असे. भाजीला कढ आला की ती पदर खोचून कढईपाशी उभी राहायची, डोळे मिटायची, वाफ नाकानं ओढायची. मग खडेमिठाची मूठ भरून हात कढईवर नेऊन पालथा करायची आणि बोटं हळूहळू उघडायची. हात गोल फिरायचा. तेवढ्या वेळात कोणी बोललेलं तिला खपत नसे. एकदा एका घरच्या शिकलेल्या जावयानं म्हटलं, "मावशी, चमच्यावर घेऊन पाहा ना जरा, एवढी माणसं आहेत."

मावशीनं डोळे न उघडताच सांगितलं, "जावईबापू, तुमी बायको पाहाले आले तवा चाखून पाहिली होती का?"

जावई पंगतीत सगळ्यात शेवटी बसला, पण भाजी दोनदा मागून घेतली.

मी तिचा कोणी नव्हतो. तिची भांडी वाहणारा टेम्पोवाला. नववीत शाळा सोडली, इकडंतिकडं हमाली केली, मग एक जुना टेम्पो पदरात पाडून घेतला. पण नवख्या पोराच्या गाडीत कोण माल टाकणार? मावशी एक दिवस स्टँडवर आली, टेम्पोभोवती चक्कर मारली, चाकाला लाथ मारून पाहिली आणि म्हणाली, "दिनू, कढई सांडू देशीन?"

"नाही मावशी."

"मंग बस झालं. शाळा सुटली म्हणून अक्कल नाई सुटत लेका."

त्या दिवसापासून तिच्या मोठ्या कढया, पराती, झारे सगळं माझ्या गाडीत. गावानं ते पाहिलं आणि मलाही धंदा मिळाला. आज इथं, दूर दक्षिणेत, होसूरला कंपनीची बस चालवतो, पण हे स्टिअरिंग मुळात तिनं हातात दिलं असं मी मानतो.

माझा स्वभाव घाबरट. गाडी उभी केली तरी परत येऊन हँडब्रेक पाहायचो, दोर पुन्हा ओढून पाहायचो. मावशी रोडगे थापता थापता ओरडायची, "अरे भैताडा, बांधली आहे ना गाडी? पळून जाईन का थे सासरी?" मला पहिल्या पंगतीत बसवायची. लोक कुरकुरले की म्हणायची, "गाडीवाला उपाशी तं माही भांडी रस्त्यात." स्वतः सगळ्यांच्या शेवटी, कढईच्या बुडाशी उरलेलं खायची. मोठ्यानं हसायची. नवरा लवकर गेला होता, मुलगी वैशाली अकोल्याला दिलेली. घरात एकटी होती, पण मी तिला एकटं जेवताना कधी पाहिलं नाही. दारावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायची. "हातचं खाऊन जा," एवढंच म्हणायची. तिच्या हातचं लोकांनी खाणं, हेच तिचं सगळं होतं. पुढं जे झालं ते म्हणूनच इतकं लागलं.

एका उन्हाळ्यात मावशी काळी पडायला लागली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. निखाऱ्यापुढं बसणारी बाई, उन्हातान्हात फिरणारी. टोपलीभर वांगी चिरली की कोणाचेही हात काळे होतात. तिच्या तळहाताच्या रेघा काजळानं आखल्यासारख्या झाल्या. ती लिंबू घासायची, चिंच लावायची, राखेनं खरवडायची. "वांग्याचा डाग आहे, जाईन," म्हणायची. आम्हीही तेच म्हणायचो. बोटांचे पेर काळे झाले तर म्हटलं गोवऱ्या. हिरड्या काळ्या दिसायला लागल्या तर म्हटलं तंबाखूचं मंजन. तिच्या अंगावरच्या प्रत्येक खुणेला आमच्याकडं तिच्याच कामातलं कारण तयार होतं.

मग ती वाळायला लागली. रोडगे थापताना मध्येच बसायची. उठताना गाडीचा कठडा धरायची आणि डोळ्यांपुढं अंधारी आली की उभ्या उभ्या हसायची. सकाळी उलट्या व्हायच्या. शेवंताबाई म्हणून तिच्या हाताखाली वांगी चिरणारी बाई होती. ती चिडवायची, "मावशे, ह्या वयात काय खबर व?" मावशी म्हणायची, "तुह्या तोंडात साखर." पण साखर तिला नको झाली होती. तिच्या कनवटीला आता मिठाचे खडे असत. आपण खडीसाखर चघळतो तशी ती खडेमीठ चघळायची. मी एकदा विचारलं, "मावशी, हे काय?"

"गोड लागते रे," ती म्हणाली. "खरंच सांगतो तुले, गोड लागते."

आमच्याकडं बायकाही 'सांगतो', 'येतो' असंच बोलतात. ते वाक्य मला अजून तिच्याच आवाजात ऐकू येतं.

गावातल्या दवाखान्यात गेली की सलाईन लावायचे. सलाईन संपेपर्यंत ती टवटवीत होऊन उठून बसायची आणि म्हणायची, "पाय, नुसती अशक्ती होती." चार दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

त्यानंतर आली ती सवाईच्या मळ्यातली पंगत. नवस मोठा होता, माणसंही मोठी होती. मावशीनं नेहमीसारखे डोळे मिटले, वाफ ओढली, हात पालथा केला. मी गाडीपाशी उभा होतो. हात नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरला असं वाटलं, पण तिच्या मिठाच्या वेळी बोलायची कोणाची छाती होती? नैवेद्य झाला, पंगत बसली, रोडगे फुटले, तूप पडलं. पहिला घास गेला आणि पंगत गप्प झाली.

आमच्याकडची पंगत गप्प होत नाही. वाढा, आणा, इकडं, अरे वरण, अशी बोंब चालूच असते. त्या दिवशी नुसता कडुलिंबाच्या पानांचा आवाज. मग एक म्हातारा हळूच पाण्याचा लोटा शोधायला लागला. कोणीतरी म्हणालं, "भाजी खारी झाली राज्या." दुसरा म्हणाला, "खारी? समुद्र आहे बापा." पोरं हसली. घरधन्याचं तोंड उतरलं.

मावशीनं कढईतून वाटीभर भाजी घेतली. सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ली. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तिनं वाटी बोटानं पुसून घेतली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मले तं बरोबर लागून राहिली."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर विसरलो नाही. ते लाजेचं नव्हतं. ज्या वाटेनं आयुष्यभर डोळे मिटून चाललो ती वाटच कोणी हलवून ठेवावी, तसं. ती वळली, दोन पावलं चालली आणि गोवऱ्यांच्या ढिगावर पडली.

आम्ही तिला टेम्पोत घातली, कढयांच्या मध्ये गोणपाट टाकून. शेवंताबाईनं डोकं मांडीवर घेतलं. दर्यापूरवरून अमरावती. त्या वाटेवर मी एकदाही हँडब्रेकचा विचार केला नाही.

अमरावतीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीनबाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. रक्तदाब इतका खाली की दोनदा मोजला. त्यांनी आधी रक्त काढून घेतलं, मग सलाईन आणि एक इंजेक्शन दिलं. मावशीनं डोळे उघडल्यावर त्यांनी तिचा तळहात उलटा करून खिडकीपाशी नेला.

"हे कधीपासून?"

"वांग्याचा डाग आहे बाई," मावशी म्हणाली. "मी आचारीण आहो."

"तोंड उघडा." डॉक्टरीनबाईंनी तिचा खालचा ओठ बोटानं ओढला. आत जांभळट काळे ठिपके होते. त्या म्हणाल्या, "मावशी, ओठाच्या आतून पण वांगी चिरता का?"

मावशी इतकी हसली की सलाईनची नळी हलली. त्या दोघींचं तिथंच जमलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीनबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. मला पूर्ण कळलं असं नाही, पण त्यांनी मला समजेल असं सांगितलं म्हणून आजही आठवतं. प्रत्येक किडनीवर टोपीसारखी एक बारकी ग्रंथी असते. अंगातलं मीठ टिकवायचं, रक्तदाब धरायचा, दुखण्याला तोंड द्यायचं बळ द्यायचं, ही कामं ती करते. मावशीच्या त्या ग्रंथी जवळजवळ बंद पडल्या होत्या. मीठ अंगातून निघून जात होतं म्हणून जीभ मीठ मागत होती. ग्रंथीला जागं करायला मेंदू ओरडत राहतो, त्या ओरडण्यानंच कातडी काळी पडते. "गोळ्या दोन प्रकारच्या, मोठ्या आणि अंगात मीठ धरून ठेवणारी एक बारकी पांढरी. आजपासून, जन्मभर," त्या म्हणाल्या. "त्यासाठी कशाची वाट पाहायची नाही. पण ग्रंथी कशानं गेल्या ते शोधायचं आहे. आपल्याकडे हे टीबीनं होतं. किंवा मग शरीर स्वतःच आपल्या ग्रंथीवर उठतं."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," शेवंताबाई म्हणाली.

"अगदी तेच. तसं असेल तर त्या कुंपणाच्या खुणा रक्तात सापडतात. त्याला अँटिबॉडी म्हणतात. ती तपासणी इथं होत नाही, रक्त मुंबईला जाईल. छातीचा फोटो साफ आहे, पोटाच्या स्कॅनमध्ये ग्रंथी सुकलेल्या दिसतात, त्यामुळे मला टीबी कमी वाटतो. पण रिपोर्ट आल्याशिवाय ठाम बोलणार नाही."

पण शेवंताबाईनं एकच शब्द ऐकला होता. आम्ही अंजनगावला परतायच्या आधी तो गावात पोचला होता. चंद्रामावशीला टीबी आहे.

डॉक्टरीनबाईंनी सांगितलं होतं, असला तरी औषधानं बरा होतो, आणि जेवणातून पसरत नाही. मावशी त्यांना म्हणाली होती, "तुमी खरं बोलता बाई. पण पंगत तुमचं ऐकते का?" पंगतीनं ऐकलं नाही. ठरलेले दोन नवस दुसऱ्या आचाऱ्याकडं गेले. कोणी तोंडावर बोललं नाही. दारावरून जाणारे फक्त घाईत असायला लागले. मावशी ओट्यावर बसून हाक मारायची, "हातचं खाऊन जा रे," आणि माणूस म्हणायचा, "आताच जेवलो मावशी." सकाळी सकाळी सुद्धा.

मी रोज जात होतो. मला भीती वाटत नव्हती असं नाही, मला सगळ्याचीच भीती वाटते. पण तिच्या ताटापुढं ती भीती टिकायची नाही.

शेवटी वैशाली तिला अकोल्याला घेऊन गेली. मीच सोडायला गेलो. वैशालीची सासू वाईट बाई नव्हती. दारात गूळपाणी दिलं, तब्येत विचारली. पण जेवायला बसलो तेव्हा सगळ्यांची ताटं स्टीलची आणि मावशीचं ताट जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, वेगळ्या फडताळातून काढलेलं. गिलासावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. वैशालीचा घास हातातच राहिला. मावशीनं तो ठिपका पाहिला, गिलास फिरवून ठिपका आपल्याकडं केला, म्हणजे दुसऱ्या कोणाला दिसू नये, आणि म्हणाली, "इहीणबाई, वरण झ्याक झालं."

जेवण झाल्यावर तिनं आपलं ताट स्वतः घासलं आणि बाकीच्या भांड्यांपासून दूर, न्हाणीच्या भिंतीवर पालथं घातलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. आयुष्यभर चुलीपाशी बसलेली ती बाई उंबऱ्याच्या बाहेर पाटावर बसून आत चाललेल्या फोडणीचा वास घेत राहिली. मी निघालो तेव्हा म्हणाली, "दिनू, मले मरायचं भेव नाई रे. थो रिपोर्ट उलटा आला तं माह्या हातचं कोणी खाणार नाई. मंग हे हात कायले?"

तिनं दोन्ही तळहात माझ्यापुढं धरले. रेघा तशाच काळ्या.

रिपोर्ट आला तेव्हा मी भांडी नव्हे, केळी घेऊन अकोल्याला गेलो होतो. वैशालीनं फोन केला आणि मी टेम्पो घेऊन सरळ तिच्या दारात. अमरावतीच्या डॉक्टरीनबाई फोनवर होत्या. आवाज मोठा केला होता, सगळं घर ओट्यावर जमलं होतं.

"मावशी, अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या."

सगळ्यांची तोंडं पडली. मावशी म्हणाली, "पॉझिटिव म्हंजे झालाच म्हणा."

"नाही हो! म्हणजे टीबी नाही. कुंपणानंच शेत खाल्लं, त्याच्या खुणा सापडल्या. थायरॉईड आणि साखर अधूनमधून तपासत राहू, कारण हे कुंपण एकाच शेतावर थांबत नाही. पण टीबी नाही."

मावशी सरकून पुढं आली. मग फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हणाली, "बाई, हे तुमी एकदा माह्या इहीणबाईले सांगा. माह्यावर कोण इश्वास ठेवते?"

विहीणबाईंनी सांगायची वाट पाहिली नाही. आत गेल्या, तो लाल ठिपक्याचा गिलास आणला, ओट्याच्या कडेवर ठेवून नखानं ठिपका खरवडायला लागल्या. निघत नव्हता. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत खरवडत राहिल्या. मावशी उठली. कठडा न धरता. "राहू द्या व, निघते थो राकेलनं," म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत गेली. "आज भाजी मी करतो." त्या दिवशी तिनं चार वांग्यांची भाजी केली, मीठ तसंच डोळे मिटून. ती भाजी अगदी जशी असायला हवी तशी होती. गोळ्यांनी तिची जीभ तिला परत दिली होती, आणि तळहाताच्या रेघाही फिकट व्हायला लागल्या होत्या.

मावशी अंजनगावला परतली, पण गावानं विश्वास ठेवायला वेळ घेतला. सवाईच्या मळेवाल्यानंच पुन्हा बोलावलं, म्हणाला, देवाला खारट दिलं, आता बरोबर द्यायला पाहिजे. एक अडचण होती. डॉक्टरीनबाईंनी उपास बंद केला होता. सकाळी खाऊन गोळी, ती कधी चुकवायची नाही. ताप आला तर दुप्पट. आणि रांधणारीनं तर नैवेद्याआधी पाणी घ्यायचं नाही. मावशी त्या दिवशी मळ्याच्या धुऱ्यापलीकडं, बांधाबाहेर, माझ्या टेम्पोत बसून भाकर आणि गोळी खाऊन आली. देवाकडं पाहून हात जोडले आणि म्हणाली, "तुह्या राखणदारानं माहं शेत खाल्लं. आता मी दोन घास खाल्ले तं रागावू नको." मग कढईपाशी गेली. पंगत बसली, घास गेला, आणि लगेच कोणीतरी ओरडलं, "अरे इकडं भाजी आणा ना राज्या!" मावशीनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण तिची पाठ हसली.

पुढं टेम्पो म्हातारा झाला, माझ्या घरची ओढाताण वाढली, आणि होसूरची नोकरी लागली. गाडी अकोल्याहून होती. मावशी आदल्या दिवशीच वैशालीकडं येऊन राहिली होती, तिच्यासोबत स्टेशनवर आली. डबा हातात दिला. "रोडगे आहेत, भाजी आहे. गाडी सुटल्यावर खाजो. आणि तथी हँडब्रेक पाहत बसू नको, लोकं हसतीन." मी पाया पडलो. गाडी हलली. ती खिडकीबरोबर थोडी चालली आणि थांबली. हात वर केला. बाकीच्यांसारखा हलवला नाही. कढईवर धरते तसा पालथा केला आणि बोटं हळूहळू उघडली. जणू माझ्यावर मीठ टाकत होती.

मूर्तिजापूर गेल्यावर मी डबा उघडला. पहिला घास घेतला आणि डबा खाली ठेवला. भाजी खारट होती.

बाजूचा माणूस म्हणाला, "काय झालं भाऊ?" मी वैशालीला फोन लावला. रेंज जायची, यायची. "वैशाली, मावशीच्या गोळ्या पाहा. आताच पाहा." ती म्हणाली, घेते ना रोज. मी म्हटलं, पाहा. तिनं पिशवी उलटी केली. मोठ्या गोळ्या होत्या, पण मिठासाठीची ती बारकी पांढरी गोळी नव्हतीच. अंजनगावच्या दुकानात मिळाली नाही म्हणून मावशीनं ती सोडून दिली होती. "एवढूशी गोळी, तिच्यानं काय होते," असं म्हणाली होती म्हणे. त्याच दिवशी अमरावतीला नेलं. रक्तदाब पुन्हा घसरायला लागला होता. वेळेत पोचली.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "कारे, भाजी खारी होती?"

"हव."

"मंग फेकली काहून नाई?"

"तू कधी चाखत नाहीस, मी कायले चाखू? जेवलो सगळी."

पलीकडून तेच मोठ्यानं हसू. त्यानंतर दर फोनला मी आधी एकच विचारायचो, "मावशी, मीठ कसं लागून राहिलं?" आणि ती म्हणायची, "मिठावानी." मग मला झोप लागायची.

तिच्या शेवटी मी जाऊ शकलो नाही. झोपेतच गेली. वैशाली म्हणाली, रात्रीचं जेवण केलं होतं, गोळ्या घेतल्या होत्या, दारावरून जाणाऱ्या कोणाला तरी हाक मारून बसवलंही होतं. तिनं मुद्दाम सांगितलं की मावशीच्या हातचं खाऊन तो माणूस गेला.

इथल्या मेसमध्ये टेबलावर मिठाची डबी असते. लोक चाखायच्या आधीच शिंपडतात. मी ती डबी उचलतो, आणि मला अकोल्याचा फलाट दिसतो. पालथा हात, हळूहळू उघडणारी बोटं, आणि पालथा होण्याआधी ऊन पडलेल्या त्या तळहातावर, गाडीच्या गडबडीत कोणाला दिसल्या नाहीत अशा, पुन्हा काळ्या व्हायला लागलेल्या रेघा. मी डबी खाली ठेवतो आणि जे ताटात आहे ते तसंच जेवतो.